पट्ट्याच्या आतली फुली

बाई, आज दुपारी आमच्या गल्लीत टेम्पो शिरला आणि त्यातून नवी मशीन उतरली. घरगुती पायमशीन नव्हे. मोटरवर चालणारी, जाड कापडाची, चार पदर ताडपत्री खाली सरकवली तरी न कण्हणारी. टेम्पोवाला म्हणाला, "भिया, चार आदमी लगेंगे," आणि त्या वेळी अख्ख्या गल्लीत आदमी म्हणावा असा तो एकटाच! शेवटी आम्ही पाच बायकांनी पदर खोचले आणि मशीन उचलून ओट्यावर चढवली. शेजारच्या भाभींनी तिला आधी कुंकू लावलं, मग माझ्या कपाळाला, आणि उरलेलं बोट टेम्पोवाल्याला. पहिली टीप मी मारली. वीतभर, सरळ. थांबून पाहिलं तर एकही टाका सुटलेला नाही. मुलगी दारातून म्हणाली, "आई, तू तर एकदम बच्ची झालीस!" मशीनवरून उठून घाईघाईत लिहायला बसलेय, म्हणून अक्षर असं आलंय. तुम्ही शिवण शिकवायचात, पण अक्षरावरूनही बोलायचात, ते विसरलेले नाही मी.

तुम्ही गेलात तेव्हा मी देवासला फॉल-पिको करणारी एक बाई होते. आता आम्ही काय शिवतो ते सांगितलं तर तुम्ही आधी चष्मा काढाल आणि मग हसाल. आम्ही सायकलीच्या पिशव्या शिवतो. सायकलवरून आठ-आठ दिवस भटकणारी माणसं असतात, हौशी. त्यांचे कपडे, तंबू, स्टोव्ह मावतील अशा मोठ्या पिशव्या कॅरियरच्या दोन्ही बाजूंना लटकतात. एका जोडीला तीन दिवस लागतात. आमच्या पिशव्या लडाखला गेल्यात, बाई. कन्याकुमारीला गेल्यात. मी स्वतः ओंकारेश्वरच्या पुढे गेलेले नाही.

हे सुरू झालं एका रविवारी सकाळी. इंदूरहून सायकलवाल्यांचा एक घोळका टेकडीवर देवीच्या दर्शनाला आला होता. त्यातल्या एकाची पिशवी फाटली आणि तो माझी पाटी बघून थांबला. "आंटी, ये सिल जाएगा क्या?" पिशवी परदेशी होती, शिवण आतून चिकटवलेली. मी म्हटलं, सिलेगा तो सही, पर ये बनानेवाले ने कंजूसी की है. तो हसला. पंधरा दिवसांनी परत आला, म्हणाला, तुम्ही घातलेला जोड तसाच आहे, बाजूचं बाकी सगळं फाटलं. आता अख्खी पिशवीच बनवून द्या. ट्रकच्या ताडपत्रीच्या उरलेल्या तुकड्यातून मी पहिली जोडी केली. मापं घ्यायला त्याची सायकल तीन दिवस घरात ठेवून घेतली होती, आणि आमचे हे कारखान्यातून आले की तिला वळसा घालून जेवायला बसायचे.

बाई, त्या तीन दिवसांत मला तुमची सायकल सारखी आठवत होती. धारच्या शाळेच्या चढावर तुम्ही येताय. नऊवारी नाही, पाचवारी, पिन केलेली, आणि मागच्या चाकावर दोन्ही बाजूंनी जाळी, साडी अडकू नये म्हणून तुम्ही स्वतः विणलेली, कडेला निळी पट्टी. आम्ही मुली फाटकाशी उभ्या असतो आणि तुम्ही उतरत नाही. शेवटच्या दहा हातांत सगळ्या बायका उतरतात, तुम्ही मात्र उभ्यानं पेडल मारत आत येता आणि घामेजल्या तोंडानं म्हणता, "काय बघताय? वर्गात चला." तुमच्या घरात धार संस्थानच्या दरबारापासून चालत आलेलं मराठी. वर्गात कुणी धागा म्हटलं की तुमचं ठरलेलं, "धागा नव्हे, दोरा." आता माझ्या तोंडी दोन्ही आहेत. भाभींशी धागा, तुमच्याशी दोरा.

मग मुलीनं फोटो टाकले आणि ऑर्डरी येऊ लागल्या, आणि तिथून खरी गंमत आणि खरी पंचाईत. लहान असलं की कुणी विचारत नाही. कापडवाला म्हणतो, पूर्ण तागा घ्या, कापून मिळणार नाही. बकलवाला म्हणतो, पोतंभर घ्या. पोतंभर घेतलं तर ते संपवायला ऑर्डर मोठी हवी, आणि ऑर्डर मोठी आली तर शिवायला हात कुठून आणायचे? आम्ही तिघीच. मी, भाभी आणि मागच्या गल्लीतली एक. अशात पुण्याच्या एका सायकलींच्या दुकानदाराचा फोन आला. ऐंशी जोड्या, दीड महिन्यात. मी हो म्हणून टाकलं! फोन ठेवल्यावर भाभी एवढंच म्हणाल्या, "तू तो गई काम से." पण त्याही हसत होत्या. मोठं व्हायचं म्हणजे काय असतं ते आम्हाला कुणाला ठाऊक होतं?

तिघींनी पंचवीस जोड्या केल्या. उरलेल्या पंचावन्न मी एका ठेकेदाराला दिल्या. औद्योगिक वसाहतीत त्याचं काम, शाळेची दप्तरं शिवतो. नमुना दिला, मापं दिली, पट्टा कसा बसवायचा ते समजावलं. माल आला तेव्हा मुदतीला दोन दिवस उरले होते. पिशव्या बाहेरून सुरेख. मी प्रत्येक बकल लावून पाहिलं, प्रत्येक झाकण उघडून पाहिलं, आणि खोक्यांत भरल्या. उलटी करून एकही पाहिली नाही.

दोन महिन्यांनी आमच्याच जिल्ह्यातल्या कन्नौदच्या एका मुलीचा फोन आला. शाळेत शिकवते, पिशव्या पुण्याच्या त्या दुकानातून मागवलेल्या. सुट्टीत एकटी मांडूला निघाली होती. "दीदी, गुस्सा मत होना," ती मला म्हणाली. तीच मला! "ढलान पे पट्टा निकल गया. बाकी बैग बहुत बढ़िया है." पिशवी सुटून मागच्या चाकात गेली होती आणि ती पडली होती. मनगट मोडलं होतं. धारच्या दवाखान्यातून बोलत होती.

मी मिळेल त्या बसनं निघाले. दवाखान्यात ती प्लास्टर घालून बसलेली, पंचवीस-सव्वीस वर्षांची, कोपर आणि हनुवटी खरचटलेली. पिशवी कॉटखाली. मी तिला आधी विचारायला हवं होतं की दुखतंय का. मी पिशवी ओढली आणि उलटी केली, तिच्यादेखत. पट्टा जिथे पिशवीला धरतो तिथे नुसत्या दोन आडव्या टिपा. चौकोन नव्हता. चौकोनातली फुली नव्हती.

ती फुली आठवते का तुम्हाला, बाई? आठवीत प्रदर्शनासाठी मी हँडलची पिशवी केली होती. वर मोर, कच्छी टाक्याचा, पंधरा दिवस खपून भरलेला. सगळ्या मुली माझ्याभोवती. तुम्ही आलात, मोराकडे बघितलंसुद्धा नाही, पिशवी उलटी केलीत आणि हँडल दोन बोटांत धरून हिसकलंत. आलं हातात! "मोर कुणाच्या खांद्यावर बसवणार आहेस? चौकोन काढ, आत फुली मार. वजन टिपेवर नसतं, फुलीवर असतं. उसव सगळं." सगळ्या वर्गासमोर. मी रडत उसवत होते आणि रडता रडता मोराची शेपटीही कापली गेली. शाळा सुटल्यावर तुम्ही मला थांबवलंत. मला वाटलं आणखी बोलणी. तुम्ही सायकलची किल्ली माझ्या हातात दिलीत. "मैदानाला दोन चक्कर मार. पडलीस तर जाळी फाडू नकोस." मला नीट येतही नव्हती. मी दोन म्हणता पाच मारल्या, आणि तुम्ही पायरीवर बसून माझी पिशवी उसवत होतात.

त्या कन्नौदच्या मुलीला मी सगळं खरं सांगितलं. हे मी शिवलेलं नाही, पण बघून पाठवलं मी. ती म्हणाली, "तो बाकियों का क्या?" बास, एवढंच. देवासला परतताना बसमध्ये माझ्या डोक्यात तेच. एकशेदहा पिशव्या रस्त्यावर होत्या, घाटांतून उतरत होत्या. ठेकेदार म्हणाला, "मैडम, क्रॉस मारने में टाइम जाता है. अंदर की चीज़ है, किसको दिखती है?" त्याच्यावर ओरडायचं तरी कोणत्या तोंडानं? मलाही दिसली नव्हती ना.

पुण्याच्या दुकानदाराला सांगितलं, सगळ्या परत मागवा. तो वैतागला. "ताई, कुणाची तक्रार नाही. कशाला उकरून काढताय? पुढच्या खेपेला सुधारा. असं परत मागवलंत तर तुमचं नाव जाईल आणि माझंही." मी म्हटलं, जाऊ द्या. त्यानं फोन आपटला. पण पत्ते पाठवले, हे त्याचं मोठेपण. मुलीनं एकेकाला लिहिलं, मी एकेकाला फोन केला. मराठी, हिंदी, जे जमेल त्यात. पिशव्या येऊ लागल्या. चिखलाच्या, धुळीच्या, एकीच्या खिशात अर्धा चिक्कीचा तुकडा. नाशिकच्या एका आजोबांनी कळवलं की त्यांनी पट्टा स्वतःच दाभणानं शिवून घेतलाय, तरी बघायचा असेल तर पाठवतो. बाई, अकरा दिवस आम्ही तिघी ओट्यावर बसून उसवत होतो. आणि काय सांगू, वाईट वाटायला हवं होतं, पण चौथ्या-पाचव्या दिवसापासून अशी मजा यायला लागली! भाभी गाणी म्हणायच्या, प्रत्येक पिशवी कुठून आली ते मोठ्यानं वाचायच्या. "ये हंपी देख के आई, ये मुन्नार." जुनी टीप काढायची, चौकोन, फुली, वर आणखी एकदा फुली, पिशवी उलटी, पट्ट्याला धरून पूर्ण जोर लावून लोंबकळायचं. भाभी अंगानं भरल्या आहेत. त्यांचं वजन पेललं तर पट्टा पास.

मग सगळं शांत. दोन महिने पुण्याहून काही नाही. ताग्याचं अर्धं कापड कोपऱ्यात उभं. आमचे हे कधी टोकत नाहीत, त्यांनी एकदा विचारलं, "फॉल-पिकोची पाटी परत लावायची का?" मी लावली. लाज वाटली नाही, पण जेवण गेलं नाही त्या दिवशी.

आणि मागच्या महिन्यात फोन! तोच दुकानदार. म्हणे, ताई, गिऱ्हाईकं दुकानात येऊन पिशव्या उलट्या करून बघतायत. सगळ्यांच्या. दुसऱ्या कंपन्यांच्यासुद्धा! ती कन्नौदची मुलगी मनगट बरं झाल्यावर पुन्हा मांडूला गेली, आमची दुरुस्त केलेली जोडी लावून, आणि वर पोचल्यावर पिशवी उलटी धरून फोटो टाकला. आतली फुली दिसेल असा. दुकानदार म्हणाला, पाचशे जोड्या द्या. भाभींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, एकशेवीस. आमच्याच हातच्या. "ताई, अशानं धंदा मोठा कसा होणार?" मी म्हटलं, होईल, एकेक बाई शिकवून होईल. वेळ लागेल. पलीकडून कॅल्क्युलेटरची टिकटिक ऐकू आली. मग म्हणाला, बरं, एकशेवीस, पण मुदत चुकवू नका. आजची मशीन त्या भरवशावर आली, बाई, आणि सोमवारपासून दोन नव्या जणी येतायत. एकीनं आजवर कधी मशीनला हात लावलेला नाही. मला इतका आनंद झालाय की तिला पहिल्या दिवशी काय शिकवायचं ते मी चार वेळा ठरवलं आणि चार वेळा बदललं.

हे पत्र मी पाठवणार कुणाला? धारच्या तुमच्या घरात आता मोबाइलचं दुकान आहे. दवाखान्यातून निघताना मी तिथे उभी राहून आले. मुलीला वाचायला द्यावं तर मराठी तिला अक्षर लावत लावत वाचावं लागतं, आणि शिवाय यात अजून एक गोष्ट राहिलीय, ती तिनं वाचू नये असं वाटतं.

माझं लग्न होऊन सहा-सात वर्षं झाली असतील. देवासच्या बस स्टँडवर एक म्हाताऱ्या बाई माझ्याजवळ आल्या, हातात टेकडीचा प्रसाद. बराच वेळ निरखून म्हणाल्या, "अगं, तू धारच्या शाळेतली का?" माझ्या कुडत्याची काखेतली शिवण उसवलेली होती आणि मी ती सेफ्टीपिननं जोडली होती. मी हात घट्ट अंगाशी धरला आणि हिंदीत म्हणाले, "नहीं, आपको कुछ ग़लतफ़हमी हुई है." त्यांनी माफी मागितली आणि बसमध्ये चढल्या.

बाई, तुम्ही बरोबर ओळखलं होतंत. ती मीच होते.