दृष्टी निर्दोष

ता. ९ मार्च

चि. बुटकीस,
अनेक आशीर्वाद.

आम्ही चौघं सुखरूप पोचलो. धाकटीच्या कानातून अजून वाळू निघते आहे आणि तुझ्या वहिनीच्या पाठीची सालं निघताहेत. टोपी घाल, सावलीत बस म्हणून मी कंठशोष केला होता, पण नवऱ्याचं ऐकायचं नाही हा तिच्याकडे नियमच आहे.

तुमचा किनारा मात्र झकास गं! बसच्या शेवटच्या थांब्यावर उतरावं, चपला हातात घ्याव्यात की समोर पाणी. घडीच्या खुर्च्या घेऊन आजोबा, डबे घेऊन आया, फळ्या बगलेत मारून पोरं, सगळं उपनगर आपल्याच अंगणात आल्यासारखं येतं. थोरली तुझ्या टपरीतली फळी घेऊन लाटेवर चारदा उभी राहिली आणि चाळीसदा आपटली. आता चाळीस विसरून चार तेवढे गावभर सांगत सुटली आहे.

पण एक गोष्ट मनातून जात नाही. पोहण्याची हद्द दाखवणाऱ्या दोन बावट्यांच्या मध्ये कमरेइतक्या पाण्यात उभा राहून मी मेहुण्यांना हात केला. ते जीवरक्षकाच्या मचाणावरून सरळ माझ्याकडे बघत होते, तरी ओळख नाही. खालच्या टपरीतून तू काहीतरी म्हणालीस, तेव्हा त्यांनी हात हलवला, तोही माझ्या शेजारच्या माणसाला. मग मी दिवसभर बघत बसलो. गिऱ्हाइकाला फळी देता देता तू वर सांगायचीस की डावीकडे लाल टोपी आत चालली आहे, आणि मग त्यांची शिटी वाजायची. तू सांगण्याआधी ती एकदाही वाजली नाही. तीस वर्षं मी लोकांचे डोळे तपासतो आहे, माझ्याच डोळ्यांत धूळ फेकू नकोस. काय ते खरं कळव.

तुम्हा दोघांवर आमचा जीव आहे, तुम्हीही आठवण ठेवा.
तुझा
दादा


ता. १६ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि फळ्यांच्या ढिगावरच मटकन बसले. चष्मेवाल्याच्या घरात जन्मून चष्मेवाल्यालाच फसवायला निघाले, धन्य माझी!

ह्यांच्या दोन्ही डोळ्यांपुढं मधोमध डाग आहे. कडेचं दिसतं, म्हणून जिना उतरतात, चहा सांडत नाहीत, कुणाला पत्ता लागत नाही. पण ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं नाहीसं होतं. दीड वर्ष झालं. मोठ्या डॉक्टरांनी पडदा झिजलाय, चष्म्यानं काही व्हायचं नाही, असं सांगितलं. त्यांचे कागद मी घरी येताच फाडले, उगाच कुणाच्या हाती लागायला नकोत. तेव्हापासून मी डोळे आणि हे हातपाय. दीड वर्षात अकरा माणसं आम्ही दोघांनी मिळून ओढून काढली, एकही गमावलं नाही.

आता मुद्द्याचं. सुट्ट्यांच्या गर्दीआधी किनारा सांभाळणाऱ्या क्लबला प्रत्येक जीवरक्षकाच्या नजरेचा दाखला लागतो. परवाना असलेल्या कुठल्याही तपासनिसाचा चालतो. दादा, तो तू दे. सव्वीस वर्षं हा माणूस त्या मचाणावर बसला आहे. मागं पाय मुरगळला म्हणून चार दिवस घरी होते, तर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. जेवायला उठवलं तर म्हणाले, उठून बघायचं काय? मला डोळ्यांपेक्षा त्या बोलण्याची धडकी भरली आहे. मचाण गेलं तर माणूस हातचा जाईल.

वहिनींना नमस्कार, पोरींना पापे. रागव, चार शिव्या घाल, पण टाकू नकोस.
तुझी
बुटकी


ता. २२ मार्च

चि. बुटकीस,
अ. आ.

रागावलोच आहे. तुला डोकं आहे की नुसतेच केस? खोटा दाखला मी लिहिणार नाही. बाबांनी लावलेली पाटी आहे ती, माझी नाही.

पण तपासायला नाही म्हणता येत नाही. येत्या शनिवारी त्यांना घेऊन ये. जेवढं वाचतील तेवढंच लिहीन, एक ओळ कमी नाही, एक ओळ जास्त नाही. दुकानात काही बदललेलं नाही, अक्षरांचा तक्तासुद्धा बाबांच्या वेळचाच आहे. मुक्कामालाच या, वहिनी वाट बघते आहे.

जीव थोडा थोडा करू नकोस.
दादा


ता. ३१ मार्च

चि. बुटकीस,
अ. आ.

दाखला सोबत आहे. दृष्टी निर्दोष, असं लिहून खाली सही-शिक्का केला आहे.

आता ऐक. मेहुण्यांनी पहिल्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा म्हणून दाखवलं. सातव्या ओळीत तिसरं अक्षर आधी म्हटलं, दुसरं मागून. लहानपणी दुकानातली धूळ झटकता झटकता तू तो तक्ता पाठ म्हणायचीस, तेव्हा नेमकी हीच दोन अक्षरं उलटी करायचीस, आणि बाबा दर वेळी टपली मारायचे. तू त्यांच्याकडून पाठ करून घेतलंस, तुझ्या चुकीसकट! ते खुर्चीत ताठ बसले होते, कपाळावर घाम, आणि मी सही केली. तक्ता जुनाच आहे हे तुला मीच कळवलं होतं, तेव्हा सगळं पाप तुझ्या माथी मारत नाही.

एकच मागतो. मचाणाखालून हलायचं नाही. घराला आग लागली तरी आधी त्यांना खाली उतरव, मग पळ. शब्द दे मला.

वहिनीला यातलं काही माहीत नाही. कळू देऊ नकोस. सांभाळून राहा.
दादा


ता. १२ मे

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पेपरात आलंय, तेव्हा तू वाचलंच असशील. मंगळवारी दुपारी आमच्या पाण्यात एक माणूस गेला. शाळेत चित्रकला शिकवायचे. बायको आणि आठ वर्षांची लेक वाळूत बसून बघत होत्या.

गर्दी अशी नव्हतीच. एक सुटलेली फळी काठाला लागली होती, ती ओढायला मी पाण्यापर्यंत गेले. चाळीस पावलं, दादा, फक्त चाळीस. तिथून दिसलं की मास्तर बावट्याबाहेर पाण्याच्या ओढीत सापडलेत, हात वर करताहेत. मी मचाणाकडे वळले आणि डावीकडे, डावीकडे म्हणून बोंबलले. रोज आम्हा दोघांची तोंडं समुद्राकडे असतात, माझं डावं तेच ह्यांचं डावं. त्या वेळी माझी समुद्राकडे पाठ होती. मी माझं डावं सांगितलं आणि हे त्यांच्या डावीकडे धावले. मोकळ्या पाण्यात शिरून मास्तरांना धुंडत राहिले. मी घसा फोडून ओरडत होते, पण लाटांपुढं काय ऐकू जातंय? डोळे असलेला माणूस नुसती मान वळवून बघता.

फळीवाल्या पोरांनी मास्तरांना काढलं तेव्हा सगळं संपलं होतं. ह्यांनाही धरूनच बाहेर आणावं लागलं, पाऊण तास झाला तरी थांबेनात. लोक म्हणतात, माणसानं जिवाचं रान केलं. कुणी बोट दाखवत नाही. हे त्या दिवसापासून तोंडातून शब्द काढत नाहीत.

मी तुला दिलेला शब्द मोडला. काहीतरी लिही रे. शिवी लिहिलीस तरी चालेल.
बुटकी


ता. २७ मे

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पंधरा दिवस झाले, तुझं उत्तर नाही. पत्र मिळालं असं धरून चालते.

काल मास्तरांच्या बाई लेकीला घेऊन आल्या. बरोबर क्लबचे सेक्रेटरी. ह्यांचे दोन्ही हात धरून बाई म्हणाल्या की तुम्ही माझ्या माणसासाठी जिवावर उदार झालात, हे मी जन्मभर विसरणार नाही. तेव्हा हे बोलले. पंधरा दिवसांत पहिल्यांदा. सांगितलं की मला दिसत नाही, दीड वर्ष दिसत नाही, तुमचा नवरा एकीकडे होता आणि मी दुसरीकडे गेलो. मीही काही शिल्लक ठेवलं नाही. डावं-उजवं सगळं सांगून टाकलं.

सेक्रेटरींनी फाइल उघडून तुझा दाखला मोठ्यानं वाचला. दृष्टी निर्दोष, तारीख, सही, शिक्का. ह्यांच्या तोंडापुढं बोटं धरून किती ते विचारलं, ह्यांना सांगता आलं नाही. तर म्हणाले, बघा, मार्चमध्ये डोळे चांगले होते, पाऊण तास खाऱ्या पाण्यात डोळे फाडून शोधलं त्याचा हा परिणाम. धक्क्यानं माणूस असंच स्वतःला दोष देतो म्हणे. क्लब सत्कार करणार आहे. तपासणारा माझा भाऊ आहे म्हणून सांगितलं, तर म्हणाले, मग तर त्यानं दोनदा बघून लिहिलं असेल. आणि त्या बाई, दादा, त्या बाई ह्यांच्या पायांशी बसल्या. माझ्या नवऱ्यापायी तुमचे डोळे गेले, मला माफ करा, म्हणून रडायला लागल्या.

आज सकाळी दोघी परत आल्या. मुलीनं ह्यांचा हात धरून एकेक पायरी मोजत त्यांना खाली उतरवलं, उन्हात बसवलं. रोज येणार आहे म्हणे. ह्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवत नाही.

आता एकटा तूच उरलास. दोन ओळी लिही सेक्रेटरींना. ह्यांना सुटायचं नाहीये रे, कुणीतरी खरं मानावं एवढंच हवंय.

पाया पडते.
बुटकी


ता. ४ जून

चि. बुटकीस,
अ. आ.

थोरलीचा निकाल लागला. डोळ्यांचंच शिकणार म्हणते, चार वर्षांनी दुकानात माझ्या शेजारी बसणार. वहिनीनं पेढे वाटले. धाकटीला चष्मा लागला, भिंगं मीच घासून दिली.

त्या दोन ओळी सात वेळा लिहिल्या. सातही कागद फाडले. परवाना तर जाईलच, पण थोरलीला ज्या नावावर पुढं उभं राहायचं आहे ते नावही जाईल. मास्तर काही परत यायचे नाहीत. मी भेकड आहे म्हण, खुशाल म्हण.

माझं मार्चचं पत्र तुझ्यापाशी असेल. ज्यात सातव्या ओळीचं लिहिलं आहे ते. ते तू सेक्रेटरींना दाखवलंस तर मी नाही म्हणणार नाही. पण माझ्या हातानं नको. तू ठरव.

मेहुण्यांना काय निरोप देऊ? तब्येतीला जपा म्हणावं.
दादा


ता. ११ जून

ती. दादास,
नमस्कार.

तू नेहमी असाच रे. दार किलकिलं करून ठेवायचं आणि आत जायचं ते दुसऱ्यानं.

तुझं मार्चचं पत्र घेऊन मी दोनदा क्लबच्या पायऱ्या चढले. दोन्ही वेळा तुझी थोरली डोळ्यांपुढं आली, लाटेतून नाकातोंडात पाणी जाऊन हसत उठणारी. दोन्ही वेळा परत फिरले. आज सकाळी ते पत्र शेगडीवर धरलं. हे खुर्चीत होते. वास आला म्हणून काय जळतंय ते विचारलं. मी सांगितलं. एवढ्यात जिन्यात मास्तरांच्या लेकीची पावलं वाजली आणि ह्यांनी तिच्यासाठी हात पुढं केला.

आता ती रोज येईल आणि हे रोज हात पुढं करतील. हे काही म्हणायचे नाहीत, मीही नाही. तुझ्या नावाला काही होणार नाही, निर्धास्त राहा.

लोभ ठेव असं ह्या वेळी लिहीत नाही, दादा. आपल्या लोभापायीच मास्तर गेले.
बुटकी