पुठ्ठ्याआड गेलेला माणूस

तीर्थरूप आत्येस,

तुझ्या तापट भाच्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? काकांचा खोकला अजून घर डोक्यावर घेतो का? मी मजेत आहे (अंगठ्याला काच लागली, ती धरायची नाही).

कॉलेज अर्ध्यावर सोडून काय दिवे लावलेस, असं तू मागे विचारलंस. आत्या, अनुभवासारखा गुरू नाही. कॉलेजातले गुरू नुसते वर्गाबाहेर काढायचे, हा जन्माचं शहाणं करून सोडतो. सध्या मी फोटोंना चौकटी करणाऱ्या दुकानात आहे. समोरच्या औषधाच्या दुकानात ती बसते. ती म्हणजे कोण, हे तुला सांगायला नको. डोकं ठणठणीत असताना माणूस दिवसाआड डोकेदुखीच्या गोळ्या घेतो, तो काय हौसेने?

गेल्या आठवड्यात ती एक फोटो चौकटीसाठी ठेवून गेली. फोटोत ती, आणि तिच्या खांद्यावर हात टाकून एक मिशीवाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या धंद्यात फोटोवर पांढरा पुठ्ठा बसवून त्याला खिडकी कापतात, आणि खिडकी केवढी ठेवायची ते कापणाऱ्याच्या हातात. मी ती अशी बेतली की ती अख्खी दिसावी आणि मिशीवाला अख्खा पुठ्ठ्याआड जावा. काम इतकं सफाईदार उतरलं की मालकांनीही मान डोलावली (त्यांनी मूळ फोटो बघितला नव्हता). तिच्या खांद्यावर तेवढी चार बोटं उरली, त्याला माझा इलाज नव्हता.

ती न्यायला आली. खांद्यावरच्या चार बोटांवर बोट ठेवून अगदी शांतपणे म्हणाली, "दादा कुठे गेला?"

मी लगेच नवा पुठ्ठा कापून दादाला मिशीसकट बाहेर काढलं. पण तेव्हापासून मी गोळ्या मागायला गेलो की ती आत जाते आणि म्हातारे दुकानदार पुढे येतात. असो. विचारल्याशिवाय कुणाबद्दल काही धरून चालू नये, हा धडा मात्र मी कायमचा गिरवला. मालकांनीही एक धडा दिला, तो तुला लिहिण्यासारखा नाही.

तुझा निवळलेला
भाचा

ता. क. रविवारी इकडे येच. तिच्या दादाने निरोप धाडलाय, घरातलं कुणी मोठं माणूस घेऊन ये. बोलणी करावीत तर तूच. बाबांच्या कानावर घालू नकोस.

आणखी एक. निरोपात लग्नाचं नाव नव्हतं, "जाब विचारायचाय" असं होतं. पण ज्या अर्थी घरच्यांना भेटायचं म्हणतो, त्या अर्थी त्याच्या मनात काहीतरी असणारच. तिला मी अजून विचारलेलं नाही. गरज काय? ती मला बघून आत जाते, ती लाजूनच.