बेंचवरून सूड

४ नोव्हेंबर
आजपासून सूड. शब्द मोठ्या अक्षरात लिहून खाली दोन रेघा मारल्या. आता माघार नाही.
कारण, कालची बास्केटबॉलची मॅच. गावच्या कॉलेजात होतो तेव्हा मी कोर्टाबाहेर यायचो तो फक्त पाणी प्यायला. इथे मी पाणी देतो. ह्या मोठ्या कॉलेजात आल्यापासून कोचने मला एकदाच उतरवलं, तेही खांबाच्या बुटाची नाडी तुटली म्हणून. नवी नाडी ओवून झाली, मी बाहेर.
खांब म्हणजे माझ्या जागेवर खेळणारा. उंच आहे, बाकी काही नाही. रिबाउंड घेतो, डिफेन्स करतो, पास देतो. बाकी काही नाही.
कोचला मी शिट्टी म्हणतो. तोंडात कायम तीच असते. एक दिवस ती त्याला गिळायला लावणार आहे.

५ नोव्हेंबर
योजना पहिली: सरावाला इतकं अफाट खेळायचं की शिट्टीला स्वतःची लाज वाटली पाहिजे.
सरावाला उशीर झाला. योजना लिहिता लिहिता डोळा लागला. शिक्षा म्हणून कोर्टाभोवती चकरा. सगळ्यांत पुढे होतो. एकटाच पळत होतो.
शिट्टीच्या खात्यात आणखी एक अपमान जमा.

८ नोव्हेंबर
आईचा फोन. म्हणाली, मॅच मोबाइलवर पाहिली, तू फार छान टाळ्या वाजवतोस. शेजारच्या काकूंनीही पाहिलं म्हणे. त्या म्हणाल्या, पोराची तब्येत सुधारली, बसून अंग धरलंय.
आईला सांगितलं, कोच मला मोठ्या मॅचसाठी राखून ठेवतोय. आई म्हणाली, आपल्या चांगल्या कपबशांसारखं का रे?
आमच्या चांगल्या कपबशा अजून एकदाही कपाटाबाहेर आलेल्या नाहीत. अभ्यास आहे सांगून फोन ठेवला.

११ नोव्हेंबर
पुढची मॅच गावच्या कॉलेजशी! इथेच, आमच्या कोर्टवर. आई, बाबा, काकू, अर्धं गाव येणार. आणि त्यांच्यासमोर मी टॉवेल घड्या करत बसू?
तडक शिट्टीच्या केबिनमध्ये गेलो. म्हणालो, ह्या मॅचला मी पहिल्यापासून खेळणार. त्याने मान वर न करता विचारलं, पास देणार का? मी म्हणालो, पास देणारे पुष्कळ आहेत, मी स्कोअरर आहे. तो म्हणाला, स्कोअरर टेबलापाशी गुण लिहीत बसतो, जा, खुर्ची रिकामी आहे.
खांब दाराबाहेर उभा होता. हसला.
ठीक आहे. आता दोघांनाही सोडत नाही.

१२ नोव्हेंबर
योजना दुसरी. जालीम.
मला खेळवत नाहीत ना? मग ह्यांना माझ्याच गावाकडून हरवायचं. ह्यांच्या सगळ्या चाली गावच्या सरांना कळवायच्या. सरांनी मला घडवलं, ते मला अंतर देणार नाहीत. शिट्टीची नोकरी जाईल, खांब ढसाढसा रडेल आणि मी ताठ मानेने गावच्या टीममध्ये परत जाईन. कॅप्टन म्हणून. वर विनवण्या करवून घेईन.
आजच्या मीटिंगमध्ये शिट्टी म्हणाला, की मॅचपर्यंत बेंचवाल्यांनी सरावाला लाल जर्सी घालून समोरच्यांसारखं खेळायचं. मग फळ्यावर बाण काढत बराच वेळ काहीतरी समजावत होता. ऐकलं नाही. मी मनातल्या मनात त्याचा निरोप समारंभ करत होतो. भाषणाला उभा राहिलो होतो.

१३ नोव्हेंबर
चाली पाठ झाल्या. एक आहे कात्री: दोघं एकमेकांना छेद देऊन पळतात, तिसरा कोपऱ्यातून शॉट मारतो. दुसरीत सगळे उजवीकडे धावतात आणि बॉल डावीकडून आत जातो. मान्य करतो, सुरेख आहेत. शिट्टीच्या डोक्यात एवढं असेल असं वाटलं नव्हतं.
खांबाला मात्र अक्कल नाही. आपल्याच टीमच्या चाली दिवसभर अडवत बसला होता.
रूम पार्टनरला योजना सांगितली. त्याने विचारलं, चाली नक्की कोणाच्या आहेत ते एकदा बघितलंस का? मी म्हणालो, रोज मीच खेळतोय. तो बरं म्हणाला आणि पुन्हा पुस्तकात शिरला. अभ्यासू मुलांना खेळातलं काही कळत नाही.

१४ नोव्हेंबर, संध्याकाळ
सरांना फोन लावला. बाथरूममधून, नळ सोडून. हेर असंच करतात. सरांनी विचारलं, तिकडे पाऊस आहे का रे?
सगळ्या चाली सांगितल्या. सर म्हणाले, अरे गाढवा, ह्या आमच्या चाली आहेत. तू गेल्यावर बसवल्या. तुमच्या कोचने आमचे व्हिडिओ पाहिलेत आणि तुम्हाला आमचं सोंग दिलंय. आम्हाला कसं अडवायचं ते त्याची मेन टीम तुमच्यावर शिकतेय.
मला ओळखू येणं शक्यच नव्हतं. माझ्या वेळी गावात एकच चाल होती: बॉल मला. म्हणजे चूक सरांची.
मग सरच म्हणाले, पण बरं झालं सांगितलंस. आता सगळंच बदलतो.
थोडक्यात, योजना यशस्वी. माझ्या मनात पहिल्यापासून हेच होतं.

२० नोव्हेंबर, सकाळ
आज मॅच. खांबाला गुड मॉर्निंग म्हणालो. बळी देण्याआधी गोड बोलावं.

२० नोव्हेंबर, संध्याकाळ
जे झालं ते क्रमाने लिहितो.
गावाने नव्याच चाली काढल्या. खांब कात्रीची वाट बघत उभा आणि बॉल भलतीकडून आत. शिट्टीच्या तोंडातली शिट्टी खाली पडली. हसू दिसू नये म्हणून मी टॉवेल तोंडात कोंबला. आईला वाटलं मी रडतोय. तिने वरून हात केला.
शेवटचं मिनिट. आम्ही एका बास्केटने मागे. खांब पाच फाउल भरून बाहेर. शिट्टीने टाइम-आउट घेतला, इकडेतिकडे पाहिलं आणि बोट माझ्याकडे केलं. म्हणाला, तुझी माणसं आहेत, तू त्यांना ओळखतोस. जा.
जरा पेच पडला. हरलो तर सूड, जिंकवलं तर हिरो. काकू माझं नाव घेऊन किंचाळल्या. हिरो आधी, सूड नंतर, असं ठरवलं.
बॉल हातात आला. समोर कोणी नाही! गावात आता माझ्या जागेवर बारक्या खेळतो. तो मला सोडून सरळ बास्केटखाली जाऊन उभा राहिला. घाबरला असणार. आत आमचा कॅप्टन हात वर करून पास पास ओरडत होता. शिट्टीही तेच ओरडत होता. मी लांबूनच मारला.
बॉल रिंगपर्यंत पोचला नाही. बारक्याच्या हातात पोचला.
गाव जिंकलं. आई-बाबा उभं राहून टाळ्या वाजवत होते. आईच्याही छान असतात.
सूड पूर्ण झाला. काही म्हणा.
मग गावच्या बसपाशी गेलो. बारक्याने मिठी मारली. म्हणाला, दादा, थँक्यू. सरांनी सांगूनच ठेवलं होतं, तू उतरलास तर तुला मोकळं सोडायचं. म्हणाले, तो पास देणार नाही, लांबून मारेल, तुम्ही आयता बॉल घ्या.
सरांना बाजूला घेतलं. म्हणालो, मी परत येतो, कॅप्टन नाही केलंत तरी चालेल. सर म्हणाले, नको. मी म्हणालो, बेंचवरही बसेन. सरांनी प्रेमाने पाठीवर हात ठेवला. म्हणाले, तू तिथेच राहा बाळा. परतीची मॅच आहे ना अजून, तिथे तू आमच्या जास्त उपयोगाचा आहेस.
बस निघाली. मागच्या बऱ्याच सीट रिकाम्या होत्या.