भुसा भरलेलं रेडकू

१२ सप्टेंबर
महिनाभर वहीला हात लावला नाही, क्षमा असावी. बदलीची धावपळ होती. नेकनूरच्या जनावरांच्या दवाखान्यात रुजू झालो. खोली झकास मिळाली. घरमालकीण साखराबाई एकट्याच राहतात, जेवणही त्याच देतात. खोली त्यांच्या मुलाची, रामेश्वरची. तो तरणाताठा असताना कपिलधारच्या धबधब्यात बुडाला. भिंतीवर हार घातलेला त्याचा फोटो आहे. फोटो तुमच्या खोलीत लावायचा का, असं मी विचारलं, तर हसून म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या की उत्तरेश्वर डॉक्टर, त्यो काय भाडं मागतो का तुमाला?”

त्यांच्या म्हशीचं रेडकू नुकतंच मेलं. त्याच्या कातड्यात भुसा भरून ते म्हशीपुढे ठेवतात. ती त्याला चाटते आणि पान्हा सोडते. म्हैस खरंच फसते, की मानून घेते? इतकी वर्षं जनावरांत काढूनही मला सांगता येत नाही.

१४ सप्टेंबर
माझी ऋतुजा लातूरला वसतिगृहात असते. तिला माझ्याशिवाय कुणी नाही. तिच्या आग्रहाने कालप्रवासी सुपरहिरोची मालिका पाहतो. भाग संपला की फोनवर वाद घालायचा, हा आमचा नेम. आज तो भूतकाळात जाऊन एका बाईचा बुडालेला मुलगा वाचवतो. परत येतो तर त्याच्याच घरात त्याच्या फोटोला हार, आणि मुलगी दारातून विचारते, कोण पाहिजे? मला पटलं नाही. पोटची माणसं अशी विसरत नाहीत, म्हणालो. ऋतुजा म्हणाली, “पप्पा, तुम्ही बसा लॉजिक शोधत!”

साखराबाई मागे उभ्या राहून पाहत होत्या. “त्या बाईचं आलं की माघारी. मग आमचंच कावून न्हाई?” मी हसलो. हसायला नको होतं.

१७ सप्टेंबर
रामेश्वरच्या फोटोवर हार नाही. वाळला म्हणून काढला असेल. मी विनाकारण संशय घेतोय का? ताटात दही होतं, रामेश्वरच्या आवडीचं म्हणे. मला दही चालत नाही, हे त्यांना सांगितलं होतं. तरी खाल्लं. गोड लागलं.

१९ सप्टेंबर
शेजारच्या तानाजीने रस्त्यात हटकलं, “काय बे रामा, कवा आलतास?” चेष्टा असावी. पण तो हसत नव्हता. साखराबाईंना जाब विचारला. त्यांनी माझ्या डोक्यावर तेल घातलं, आणि मी — मी बसून राहिलो. गोठ्यात म्हैस रेडकाला चाटत होती.

२० सप्टेंबर
फोटोला पुन्हा हार आहे. फोटोतल्या माणसाला माझ्यासारखाच चष्मा आहे. रामेश्वरला चष्मा नव्हता — की होता?

२१ सप्टेंबर
ऋतुजाचा फोन. नव्या भागाबद्दल असेल म्हणून लगेच उचलला. ती दचकली. पप्पांच्या नंबरवर कधीकधी उगीच फोन लावते, म्हणाली, कुणी उचलेल असं वाटलं नव्हतं. सॉरी काका, म्हणाली. मी ओरडलो, बेटा, मीच —

तिने ठेवून दिला.

२२ सप्टेंबर
माझं नाव उत्तरेश्वर. मुलगी ऋतुजा. धबधब्याचं गार पाणी आठवतंय. मी तिथे कधीच गेलो नाही. माझं नाव —

२३ सप्टेंबर
आईने दही वाढलं. तानाजी बसून गेला. खोलीत राहणारे ते डॉक्टर लई भले होते, म्हणाला. लातूरला त्यांची मुलगी असते, तिचं नाव —

उद्या: डॉक्टरांच्या फोटोला ताजा हार आणणे.