ताप कुठे उतरला

२ फेब्रुवारी
नवी नोकरी, नवी खोली. दवाखान्याची प्रयोगशाळा पायी जाण्याइतकी जवळ. खिडकी पूर्वेला, टेबल डगमगत नाही, नळाला भरपूर पाणी. आणखी काय हवं? घरमालकीण वहिनी हसऱ्या आहेत, सातवा महिना चालू आहे. मी रक्ताच्या नळ्या हाताळते हे कळताच त्यांच्या छोटीने माझं नाव नळीताई ठेवलं. माझं रक्त निळं आहे का, असं तिने विचारलं. तपासून सांगते म्हटलं.

६ फेब्रुवारी
खाली वहिनींच्या मावससासूबाई राहतात. सगळे त्यांना मावशीच म्हणतात. त्या ताप उतरवतात. आजाऱ्याच्या पायाशी पाण्याचा वाडगा ठेवायचा, कपाळापासून तळव्यांपर्यंत हात ओढत आणायचे, मग वाडगा झाकून फडताळात ठेवून द्यायचा. पाणी आपोआप आटू द्यायचं, सांडायचं नाही. आज गल्लीतल्या सुताराला आणलं होतं. तापात उजवा खांदा धरून करवत मागत होता. परतताना आपल्या पायांनी गेला. ताप तसाही उतरतोच, असं मी म्हणाले. उतरतो म्हणतेस, पण कुठे उतरतो ते कधी पाहिलंस का, असं मावशींनी विचारलं. मावशी, त्या पोरीला नोकरी तरी टिकवू द्या, म्हणून वहिनी हसल्या.

९ फेब्रुवारी
मावशी बाहेर गेल्या होत्या. विचारलं असतं तर नाही म्हणाल्या असत्या, म्हणून विचारलं नाही. सुताराच्या वाडग्यातून नळीभर नमुना घेतला, उरलेलं पाणी मोरीत ओतलं, वाडगा धुऊन नळाचं पाणी बरोबर आधीच्या रेषेपर्यंत भरलं. छोटी मोरीपाशी बाहुली धूत होती. तिच्या पायांवर थेंब उडाले. काय आहे, तिने विचारलं. पाणी, मी म्हटलं. तपासणीतही तेच निघालं.

१२ फेब्रुवारी
छोटीला ताप. रक्त मीच काढलं. रडली नाही, निळं निघालं तर सांग म्हणाली. रिपोर्ट स्वच्छ.

१३ फेब्रुवारी
पुन्हा तपासलं. काही नाही. औषधाने ताप हलत नाही. दुपारी छोटी उजवा खांदा धरून करवत मागू लागली. मावशींनी फडताळातले वाडगे एकेक उचलून पाहिले. मी नळाच्या पाण्याने भरलेला वाडगा हातात घेऊन म्हणाल्या, हा रिकामा आहे. ज्याच्या हातून सांडलं त्याने तोंडाने सांगावं, म्हणजे ताप परत वाडग्यात येईल. नाहीतर उतरायला दुसरी जागा शोधेल. वहिनींनी माझ्याकडे वळून पाहिलंसुद्धा नाही. इतका विश्वास. मी नळ्या पुसत राहिले.

१५ फेब्रुवारी
सांगायला गेले, दारातून परतले. सांगणं म्हणजे मानणं. मी मानत नाही. मग त्या फडताळाकडे पाठ करून का उभी राहते—

१६ फेब्रुवारी
छोटीचा ताप उतरला. उठून बसली, पेज मागितली. वहिनींनी माझे दोन्ही हात धरले. नळीताई, तुमच्यामुळे वाचली माझी पोर, म्हणाल्या. मी नाही म्हटलं नाही. मावशींनी एवढंच विचारलं— कुठे उतरला? वहिनी चार दिवस तिला पोटाशी घेऊनच झोपत होत्या.

१७ फेब्रुवारी
वहिनींना ताप नाही. थर्मामीटर दोनदा लावला. पोट मात्र तापलेलं, हात ठेववत नाही. दवाखान्यातून स्टेथोस्कोप आणला. बाळाचे ठोके. आणि ठोक्यांच्या मध्ये— खर्र— खर्र—
बाळ ठीक आहे ना, त्यांनी विचारलं. मी मान डोलावली.

१७ फेब्रुवारी, पुन्हा
मावशी जिन्याच्या पायरीवर बसल्यात. मांडीवर पाण्याचा वाडगा. वर बघत नाहीत. हाकही मारत नाहीत.
लिहिलेलं चालणार नाही. तोंडानेच—
वहिनी कण्हतायत. एकच वाक्य आहे, घोकून जाते. वहिनी, ते पाणी मी