फक्त रक्त रंगवायचं

बोस्टन, १५ फेब्रुवारी

ती. एझ्रामामा यांस लुएलाचा शि.सा.न.वि.वि.

शुद्धलेखनाला हसू नकोस. शाळा सोडली तेव्हा ते तिथेच राहिलं. टायपिंगपण एका बोटाने चाललंय.

मी चित्रांच्या दुकानात लागले, आईने सांगितलंच असेल. इंग्रज शिपायांनी इथल्या रस्त्यात लोकांवर गोळ्या झाडल्या, त्याचं ते १७७० सालचं चित्र. काळ्या रेघा छापून येतात, आम्ही हाताने रंग भरतो. निळा दुसऱ्या पोरीचा, लाल माझा. शिपायांचे डगले आणि मेलेल्यांचं रक्त. तोंडं कोरी सोडायची, कागद पांढरा तशी तीपण पांढरी. खाली मेलेल्यांत क्रिस्पस अटक्सचं नाव आहे, वर सगळे गोरेच. दर मार्चला तू नाटकात अटक्स होऊन त्याच रस्त्यावर पडतोस, आणि ते बघून लोक आमच्याकडून हे चित्र नेतात.

काल शाळेच्या ऑर्डरमध्ये पुढे पडलेल्याचं तोंड मी तपकिरी केलं. मालकीणबाई मिसेस पर्किन्स म्हणाल्या, मुळात असं नाही, आणि तोच तो कशावरून? सगळी नव्याने रंगव, नाहीतर दुसरं काम बघ. मी मान हलवून चित्रं परत घेतली. काय करू?

तुझी लुएला


न्यू बेडफर्ड, २० फेब्रुवारी

चि. लुएला हिस अनेक आशीर्वाद.

आमची मुकी पत्रात बरीच बोलते की. तोच तो कशावरून, म्हणे. अगं, ओळखू येत नाही हीच तर त्या चित्राची हरामखोरी. काळा बाप, इथल्या मूळ आदिवासींतली आई, आपल्यासारखाच. खलाशी माणूस, गोळ्या लागून मेला. त्याचं मरण विकायला चाललं, तोंड चाललं नाही. दर वर्षी रस्त्यावर पडल्या पडल्या मी हेच धुमसत असतो. पालथा पडतो, कारण उताणं पडलं की वरून पडणारा बर्फ नाकात जातो आणि तुझी आई समोरून हसवते.

घर तुझ्या पगारावर आहे, म्हणून नोकरीवर लाथ मार असं सांगणार नाही. तूच ठरव. माफी मात्र मागू नकोस.

तुझा मामा


बोस्टन, २ मार्च

ती. मामा, सा.न.

नव्याने रंगवायला बसले. डगले लाल केले, रक्त केलंच नाही. मेलेले नुसते झोपल्यासारखे दिसायला लागले. मिसेस पर्किन्सनी विचारलं, रक्त कुठाय? मी म्हटलं, तोंड कोरं तर रक्तपण कोरं. त्याचं रक्त हवं आणि तो नको, हे माझ्याच्याने व्हायचं नाही. तुझी मुकी बोलली. त्यांनी हातातला ब्रश काढून घेतला. उद्यापासून येऊ नको म्हणाल्या. आई आधी माझ्यावर ओरडली, मग सगळी संध्याकाळ त्यांच्यावर.

उरलेली चित्रं निळावालीने पुरी केली. शाळेची पोरं तीच हातात घेऊन पाच तारखेला तुला बघायला येणार आहेत. म्हणून एकच मागते. या वर्षी उताणा पड. जाऊ दे बर्फ नाकात. आईला मी मागे उभी करते. तुझं तोंड दिसू दे.

माया आहे तेवढी राहू दे, मला तेवढी पुरते.

तुझी लुएला

आणि हो, वरच्या मजल्यावरच्या कुत्रीने आईचा उजवा बूट खाल्ला.