पंचाहत्तरीच्या जेवणानंतर केलेली वाटणी

मी, ईश्वरअप्पा बसलिंगअप्पा मिटकरी, वय पंचाहत्तर, शिक्षण चौथी पास, धंदा किराणा, राहणार झरी, तालुका व जिल्हा परभणी, हे मृत्युपत्र स्वहस्ते, कोणाच्याही दबावावाचून लिहून ठेवतो. मला राग आलेला आहे. रागाने बुद्धी गेलेली नाही, याची साक्षीदारांनी नोंद घ्यावी.

प्रथम कारण. गेल्या महिन्यात माझा एकुलता मुलगा चि. शिवकांत याने माझी पंचाहत्तरी केली. बसथांब्यासमोर माझ्या फोटोचा बॅनर लावला, डीजे आणला, गावजेवण घातले. मी स्वतः दोन वेळा जिलेबी मागून घेतली. आठवड्याने कळले की हा खर्च सूनबाई सौ. त्रिवेणी हिच्या माहेरच्या पाटल्या तिला न विचारता गहाण ठेवून झाला. जाब विचारता चिरंजीव म्हणाले, "अप्पा, लोकं काय म्हणले असते? अन् तिला इचारलं असतं तर ती नको म्हणली असती." म्हणजे उत्तर ठाऊक होते, म्हणूनच विचारले नाही.

या घराची ही रीत नव्हे. आमच्या पैशांच्या लोखंडी पेटीला दोन कुलपे आहेत. एक किल्ली माझ्याकडे, दुसरी माझी पत्नी सौ. मल्लम्मा हिच्याकडे. सोमवारी पूजा आटोपल्यावर आम्ही समोरासमोर बसतो. एकाने नको म्हटले की पेटी बंद. मला मोटारसायकल घ्यावयाची होती. मल्लम्मा म्हणाली, "दुकान घरात हाय, शेत न्हाई. जायचं कुठं हाय तुमाला?" मी पुष्कळ दिवस अबोला धरला. मोटारसायकल आली नाही. तिचे बरोबर होते, असे मी येथे लिहून देत नाही.

कलम १. माझे स्वकष्टार्जित घर मल्लम्माच्या हयातीत तिचे. तिच्या पश्चात शिवकांत व त्रिवेणी यांचे निम्मे निम्मे. एकाच्या लेखी संमतीवाचून दुसऱ्याने ते विकू अथवा गहाण ठेवू नये.

कलम २. दुकान, तराजू व गल्ला एकट्या त्रिवेणीचा. शिवकांतने तेथे अवश्य बसावे. पगार ती ठरवील.

कलम ३. बँकेतील ठेव मल्लम्माची. त्या ठेवीतून पाटल्या सोडवू नयेत. मी सोडविणार होतो, परंतु सूनबाईने अडवले. "मामा, ज्यानं ठेवल्या त्यानंच आणाव्या. तवर माझे हात असेच राहू द्या." त्या रिकाम्या हातांनी ती वाढते, ते चिरंजीवांनी दोन्ही वेळा जेवताना पाहावे.

कलम ४. पेटी शिवकांत व त्रिवेणी या दोघांची. दोन्ही किल्ल्या एकाजवळ राहू नयेत.

कलम ५. माझी समाधी साधी बांधावी. गावजेवण घालू नये. बॅनर साखरेच्या पोत्यांवर टाकावा.

येथवर लिहून मल्लम्मास वाचून दाखविले. ती म्हणाली, "मेल्यावर त्याच्यावर वरडून काय उपेग? जित्तेपणी सांगा की." यावर आमचे एकमत झाले. सबब हे मृत्युपत्र मी येत्या सोमवारी शिवकांतसमोर, त्रिवेणीच्या हजेरीत, मोठ्याने वाचीन. त्याने पाटल्या आणून दिल्यास कलम दोन बदलावे किंवा कसे, हे सूनबाईस विचारीन. तिच्या तोंडून हो येईपर्यंत एक अक्षर बदलणार नाही. त्याने माझ्या पाया पडू नये.

सही : ईश्वरअप्पा बसलिंगअप्पा मिटकरी

समक्ष सही करणारे साक्षीदार :
१. माणिकराव देवराव जगाडे, झरी
२. सूर्यभान नामदेव देशमुख, झरी

ठिकाण : झरी
दिनांक : १७ जानेवारी २०२६